ज्याची गोष्ट त्यानें सांगावी

महाडपासून दोन-तीन कोसांवर काळ नदीच्या कांठीं बिरवाडी हें बाजारपेठेचें गांव आहे. शेजारीं आतां कारखान्यांची वसाहत उभी राहिली आहे. परंतु पावसाळ्यांत गांवाचें लक्ष कारखान्यांच्या भोंग्याकडे नसतें, नदीकडे असतें. 2021 सालच्या जुलै महिन्यांत तिनें आपला दाखला दिलाच. 22 तारखेस महाड शहर पाण्याखालीं गेलें, बिरवाडींत पाणी घरांतून शिरलें, आणि त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं.

त्यानंतर कांहीं महिन्यांनीं मला बिरवाडीस जाण्याचा योग आला. एका ओटीवर साठीच्या घरांतील एक बाई सूप घेऊन बसली होती. पुराची हकीकत ती येईल त्यास एकाच चालीवर सांगे : “पाणी आलं, सगळं गेलं, आम्ही बघत बसलो.” सांगून झालें कीं ती पुन्हां सुपाकडे वळे. पूरग्रस्तांची विचारपूस करणारी एक तरुण मुलगी त्या दिवशीं तेथें आली होती. तिनें सांत्वन केलें नाहीं, उपदेशही केला नाहीं. तिनें इतकेंच विचारलें, “मावशी, तुमच्या माळ्यावर त्या रात्रीं किती माणसं होती?”

“चौदा. शेजारची पण होती ना.”

“मग जेवली काय?”

“भात केला.”

“तांदूळ कुठला? घर तर बुडालेलं.”

“मी वर नेला ना! कमरेएवढं पाणी झालं तेव्हां डबा डोक्यावर घेऊन...” आणि बाई मध्येंच थांबली. तिच्या हातांतलें सूप खालीं राहिलें. चौदा माणसांना त्या रात्रीं आपण जेवूं घातलें ही गोष्ट तिनें तोंवर कोणास सांगितली नव्हती. मला वाटतें, स्वतःलाही सांगितली नव्हती. मग तिनें सगळा पूर पुन्हां पहिल्यापासून सांगितला. पाणी तेवढेंच होतें, गेलेलें सामान तेवढेंच होतें. पण ह्या खेपेस “बघत बसलो” हे शब्द आले नाहींत.

ह्या प्रकाराला पाश्चात्त्य मानसोपचाराच्या भाषेंत ‘नॅरेटिव्ह थेरपी’ असें नांव आहे. आपण त्यास कथनोपचार म्हणूं. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरांत मायकेल व्हाइट व न्यूझीलंडमध्यें डेव्हिड एप्स्टन ह्या दोघांनीं ही रीत विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत घडविली. 1990 सालीं दोघांचा ग्रंथ निघाला आणि ती जगभर पसरली. आपल्याकडे मुंबईच्या ‘उम्मीद’ ह्या बालविकास केंद्रानें तिचें शिक्षण देण्यास आरंभ केल्यालाही आतां बराच काळ लोटला आहे.

तिचें मर्म सांगावयास अवघड नाहीं. मनुष्य आपल्या आयुष्यांतील हजारों प्रसंगांतून थोडेसे वेंचतो, त्यांस एका दोऱ्यांत ओंवतो आणि तो हार म्हणजेच मी असें समजून चालतो. कोणते प्रसंग वेंचावे हें बहुधा त्यानें ठरविलेलें नसतें. घरानें, जातीनें, शाळेनें, सरकारी दप्तरानें तें ठरवून ठेवलेलें असतें. “हा मुळांतच मंद आहे” ही गोष्ट एकदां चिकटली कीं मुलानें सोडविलेलीं गणितें कोणी मोजीत नाहीं, चुकलेलीं मात्र मोजतात. कथनोपचार करणारा प्रथम माणूस व त्याची पीडा ह्यांची फारकत करतो. कपडे घाण करण्याची खोड जडलेला सहा वर्षांचा एक मुलगा व्हाइटकडे आला, तेव्हां त्यानें त्या खोडीलाच एक नांव दिलें, जणूं ती घरांत शिरलेली कोणी खट्याळ परकी व्यक्ति आहे. आणि मुलाला व त्याच्या आईबापांना विचारलें कीं, तिनें बोलाविलें असतांही तुम्ही कधीं तिच्याकडे गेलां नाहींत काय? तसे प्रसंग निघाले. मग त्या प्रसंगांचा दुसरा हार ओंवावयाचा. आणि तो ओंवून पुरत नाहीं. ऐकणारे साक्षीदार बसवावे लागतात, पत्रें लिहावीं लागतात, प्रसंगीं दाखलेही द्यावे लागतात, कारण जुन्या गोष्टीचेही साक्षीदार व दाखले असतातच.

रीत नवी खरी. पण हें ऐकत असतां माझें मन त्या ओटीवरून उठून खालच्या अंगास, महाडच्या चवदार तळ्याकडे गेलें. तेथें 1927 सालीं कोणी वैद्य नव्हता आणि कोणी रोगीही नव्हता. राजकीय व सामाजिक लढ्याला उपचार म्हणणें हा त्याचा उपमर्द होईल. तरी पण एका मोठ्या समाजानें लोकांनीं सांगितलेली आपली गोष्ट नाकारून आपण स्वतः ती सांगावयास घेतली, असें उदाहरण शोधावयाचें तर ॲडलेडपर्यंत जाण्याचें कारण नाहीं.

आधीं ती जुनी गोष्ट कोणती होती तें पाहूं. महार समाजाच्या उत्पत्तीची एक कथा पूर्वीं सांगत. चौघे भाऊ, एक गाय मरते, तिचें मांस हंडींत शिजत असतें आणि धाकट्याला राखणीस बसवितात. हंडींतून एक तुकडा खालीं पडतो, तो तुकडा धाकटा उचलतो आणि दोष त्याच्या माथीं बसतो. पुढें त्याच्या वंशानें मेलेलीं गुरें ओढावीं हें त्याचें प्रायश्चित्त. ह्या कथेची बनावट पाहा. हंडी चौघांची, आज्ञा वडीलधाऱ्यांची, आणि अपराध तेवढा राखणदाराचा. शतकानुशतकें चाललेला जुलूम एका मुलाच्या चुकींत आटोपून टाकला कीं जुलूम करणाराला कांहीं सांगावेंच लागत नाहीं; ज्याच्यावर जुलूम होतो तोच आपल्या मुलांना ती कथा सांगून निजवितो. ह्याच कथेचे दाखले रोज मिळत : पाणवठा निराळा, जोहार निराळा, लुगडें नेसण्याची तऱ्हा निराळी, मुलांचीं नांवेंदेखील दगड-धोंड्यांचीं.

ही गोष्ट बदलण्याचा पहिला खटाटोप महाडच्याच परिसरांतल्या एका मनुष्यानें केला. गोपाळबाबा वलंगकर हे लष्करांतून 1886 सालीं पेन्शन घेऊन परतले आणि विटाळाच्या कल्पनेवर प्रश्नांमागून प्रश्न विचारणारें लेखन करूं लागले. लष्करांत महारांची भरती बंद झाली, तेव्हां 1894 सालीं त्यांनीं सरकारकडे पाठविण्यासाठीं एक विनंतीपत्र तयार केलें. त्यांत त्यांनीं कथाच फिरविली : आमचे पूर्वज क्षत्रिय होते, दुर्गादेवीच्या दुष्काळांत भुकेपायीं मिळेल तें खाल्ल्यामुळें त्यांस खालीं ढकलण्यांत आलें. 1895 सालीं महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हां त्यांच्या शेजारीं बसावें लागेल म्हणून शहरांत केवढी खळबळ उडाली! वलंगकरांविषयीं मला नितांत आदर आहे. पण त्यांच्या कथेंत एक उणें होतें, तें लपविण्यांत अर्थ नाहीं. ती उसन्या मोठेपणावर उभी होती. आम्ही क्षत्रिय होतों म्हणून माणसासारखें वागवा, असें म्हटलें कीं जो क्षत्रिय नव्हता त्याचें काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. अपराधाची कथा त्यांनीं दुर्दैवाची केली. पुढचें पाऊल टाकावयास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं.

त्या तीस वर्षांतील एका मुलाची हकीकत येथें सांगितली पाहिजे. रामचंद्र बाबाजी मोरे ह्यांचा जन्म 1903 सालीं महाड तालुक्यांतील लाडवली येथें झाला. मुलगा हुशार, त्यास शिष्यवृत्ति मिळाली. परंतु महाडच्या इंग्रजी शाळेंत अस्पृश्य म्हणून प्रवेश नाहीं. अशा वेळीं जुनी गोष्ट मुलास काय सांगते? “आपल्या नशिबीं नाहीं, घरीं चल.” मोऱ्यांनीं तें केलें नाहीं. त्यांनीं तक्रार लिहिली आणि ती वर्तमानपत्रांत छापून आली. शाळेला माघार घ्यावी लागली. प्रवेश मिळाला, पण बसावयास जागा वर्गाच्या बाहेर. ह्या प्रसंगाचा अर्थ दोन्ही तऱ्हांनीं लागतो. “बाहेर बसविलें” हा एक आणि “पत्र लिहून शाळा उघडविली” हा दुसरा. दोन्ही खरे आहेत. मनुष्य पुढें काय होतो, हें तो ह्यांतील कोणता अर्थ उराशीं धरतो त्यावर पुष्कळसें अवलंबून असतें. हेच मोरे पुढें महाडच्या बाजारांत अस्पृश्यांसाठीं निघालेल्या चहाच्या दुकानांत बसून खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांचे अर्ज लिहून देऊं लागले. ज्यांस उभ्या बाजारांत पाण्याचा घोट मिळत नसे, ते तेथें चहा पीत आणि आपलें गाऱ्हाणें सांगत. सांगतां सांगतां तें कागदावर उतरे. अर्ज हा प्रकार आपण रुक्ष समजतों. पण ज्याचें म्हणणें कधीं कोणीं लिहून घेतलेंच नाहीं त्याचें म्हणणें तारीख-वारासह लिहिलें जाणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

महाडला परिषद भरावी व तिला डॉ. आंबेडकरांनीं यावें, ही खटपट करणाऱ्यांत मोरे अग्रभागीं होते. कायदा एव्हांना अनुकूल झाला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा रावबहादुर सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलानें 1923 सालीं संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेनेंही 1924 सालीं तळें खुलें केल्याचा ठराव केला होता, आणि सुरेंद्रनाथ टिपणीस हे नगरपालिकेचे सुधारक पुढारी ह्या कार्याला अनुकूल होते. ठराव झाला आणि कागदावर राहिला. तीन वर्षांत एकही अस्पृश्य तळ्यावर गेला नाहीं. ठरावानें दार उघडतें, उंबरा ओलांडावयाचा तो मनालाच ओलांडावा लागतो.

1927 च्या मार्चची 19 व 20 तारीख. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेस अडीच-तीन हजार माणसें जमलीं. त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठीं 40 रुपये मोजावे लागले. विकत घेतलेल्या त्या पाण्यापासून चवदार तळें हांकेच्या अंतरावर होतें. अध्यक्षीय भाषणांत बाबासाहेबांनीं लोकांस त्यांच्याच मुलखाची आठवण करून दिली. ह्याच कोंकणपट्टींत महार पलटणींतून होते, सुभेदार-जमादार होते, पेन्शनरांच्या वस्त्या होत्या, त्यांच्या घरीं लिहिणें-वाचणें होतें, वलंगकरांसारखा मनुष्य येथेंच वावरला. म्हणजे लाचारी हा ह्या लोकांचा जन्मस्वभाव नव्हता. एका ठराविक काळीं, ठराविक कारणांनीं त्यांच्या वाटा बंद झाल्या होत्या. पुराणांतील क्षत्रियत्वाचा आधार त्यांस लागला नाहीं. श्रोत्यांत म्हातारे पेन्शनर बसलेले होते. पुरावा डोळ्यांसमोर होता. पुढें त्यांनीं मेलेल्या गुरांचें मांस सोडा, शिळे तुकडे मागणें सोडा, शेती धरा, मुलांना शिकवा, असें बजावलें.

येथें एक गोष्ट मनमोकळेपणानें सांगितली पाहिजे. आजचा कथनोपचार करणारा असें बजावणार नाहीं. तो प्रश्न विचारील, वाट पाहील. उत्तर माणसाच्या तोंडूनच यावें असा त्याचा कटाक्ष असतो. बाबासाहेबांचें बोलणें कठोर होतें, कांहींसें रागाचेंही होतें. पण तो राग परक्याचा नव्हता. लहानपणीं बैलगाडीच्या प्रवासांत पाण्यावांचून काढलेली रात्र, बडोद्यांत राहावयास जागा न मिळाल्यानें झालेली ससेहोलपट, हें सारें त्या बोलण्यामागें होतें. ह्या आठवणी त्यांनीं पुढें 1935-36 च्या सुमारास इंग्रजींत लिहून ठेवल्या; ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या नांवानें त्या 1990 सालीं, त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झाल्या. विद्वत्तेच्या ग्रंथांचे ढीग लिहिणाऱ्या ह्या पुरुषालाही स्वतःचे चार प्रसंग नुसते सांगावेसे वाटले, ह्याचा विचार करण्याजोगा आहे.

परिषद संपतां संपतां, 20 तारखेस, अनंतराव चित्रे ह्यांनीं सूचना केली कीं आतां तळ्यावर जावें. चौघाचौघांच्या रांगा करून मिरवणूक निघाली. बाबासाहेबांनीं ओंजळ भरून पाणी प्यालें, मागोमाग हजारोंनीं प्यालें. श्रोतेहो, त्या पाण्याची गोडी सांगावयाचा मोह पुष्कळ वक्त्यांना होतो. मी तो टाळतों. कारण ह्या कथेचा कठीण भाग त्यानंतर सुरू होतो.

दोन तासांतच शहरांत अफवा उठली कीं हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. लाठ्या घेतलेले जमाव परिषदेच्या मांडवावर चालून आले. लोक जेवत होते. अन्न मातींत मिसळलें, बायकामुलांनाही मार बसला. कित्येकांनीं मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. भोंवतालच्या खेड्यांना निरोप गेले कीं परत येणारांना तेथेंही धडा शिकवा. मार खाल्लेल्यांत चांगले पलटणींत राहिलेले गडी होते, आणि उलट हात उचलूं नये ह्या बाबासाहेबांच्या शब्दाखातर ते हात बांधून राहिले. पुढें शहरांतल्या मंडळींनीं 108 घागरी पाणी उपसून, गोमूत्र, शेण, दूध, दहीं तळ्यांत मिसळून मंत्रांनीं तें शुद्ध करून घेतलें. ऑगस्टमध्यें नगरपालिकेनें 1924 चा आपला ठरावही मागें घेतला.

आतां विचार करा. सुजलेलें डोकें घेऊन मनुष्य आपल्या खेड्यांत परत येतो. वेशीवर लोक विचारतात, काय झालें? जुनी गोष्ट उत्तर घेऊन उभीच आहे : “पायरी सोडली, शिक्षा झाली.” हंडीच्या राखणदाराची तीच ही कथा, तुकडा उचलला आणि दोष लागला. विरोधकांना हेंच हवें होतें. लाठी हाडावर बसते, पण तिचा खरा रोख गोष्टीवर असतो. महाडची लढाई 20 मार्चला जिंकली कीं हरली, हें त्या दिवशीं ठरलें नाहीं. पुढील नऊ महिन्यांत प्रत्येक वाड्यांत ती कशी सांगितली गेली, त्यावर ठरलें.

ह्यासाठीं काय काय झालें पाहा. 3 एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ हें पाक्षिक निघालें आणि महाडच्या प्रकरणाची फोड त्यांत होऊं लागली. ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांस तें वाचून दाखविलें जाई. फौजदारी खटला होऊन हल्लेखोरांपैकीं कित्येकांना जूनमध्यें चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. शिक्षा किरकोळ होती. पण दोष कोणाचा ह्याचें उत्तर प्रथमच सरकारी कागदावर उलट बाजूस पडलें. आणि शुद्धीकरण! त्यानें तर सनातन्यांचा डाव त्यांच्यावरच उलटला. तळें मुसलमान वापरीत, गुरेंढोरें पाणी पीत, तेव्हां तें बाटलें नव्हतें. मनुष्याच्या स्पर्शानें बाटलें म्हटल्याबरोबर विटाळ कोणाच्या मनांत आहे हें शेंबड्या पोरालाही दिसलें. पीडा माणसापासून वेगळी काढावी म्हणतात ती अशी.

डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह करावयाचें ठरलें. मांडवासाठीं हिंदूंपैकीं कोणी जागा देईना. ती फत्तेखान नांवाच्या एका मुसलमान गृहस्थानें दिली. मोटारवाले ऐन वेळीं अडवितील म्हणून बाबासाहेब बोटीनें दासगांवीं उतरले. इकडे तळें खासगी मालकीचें आहे असा दिवाणी दावा दाखल होऊन 14 डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला होता. 25 डिसेंबरला परिषद भरली. बाबासाहेबांनीं आपल्या भाषणांत ह्या सभेचें नातें 1789 सालच्या फ्रेंच राष्ट्रसभेशीं जोडलें. कोठें व्हर्साय आणि कोठें महाडचा मांडव, असें कोणी म्हणेल. पण ज्यांच्या आयुष्याचा उल्लेख गांवच्या हक्कदारांच्या यादीपलीकडे कधीं झाला नव्हता, त्यांस त्या दिवशीं जगाच्या इतिहासांत शेजार मिळाला. त्या रात्रीं बापूसाहेब सहस्रबुद्धे ह्यांनीं मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचें दहन झालें. जुन्या गोष्टीचा सर्वांत जाड दाखला तोच होता, आणि ठराव मांडणारा ब्राह्मण होता. टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे ह्या मंडळींनाही आपापल्या जातींनीं सांगितलेली स्वतःची गोष्ट सोडून द्यावी लागली, आणि त्याबद्दल निंदाही सोसावी लागली, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं.

हजारों लोकांनीं सत्याग्रहासाठीं नांवें नोंदविलीं होतीं, तुरुंगांत जाण्याची तयारी होती, आणि तेव्हां बाबासाहेबांनीं कोर्टाचा हुकूम मानून सत्याग्रह तहकूब करण्यास सांगितलें. मला वाटतें, त्या सबंध वर्षांतील सर्वांत अवघड क्षण हा. पाणी समोर आहे आणि प्यावयाचें नाहीं. हेंच जर “भिऊन परतले” असें सांगितलें गेलें असतें तर? 27 डिसेंबरला ते सगळे मिरवणुकीनें तळ्याला वळसा घालून आले. पाण्याला कोणीं हात लावला नाहीं. परवानगी नाहीं म्हणून न पिणें आणि आपण ठरवून न पिणें ह्यांत बाहेरून पाहणाराला फरक दिसत नाहीं. चालणाराला तो पायांत जाणवतो.

त्याच मुक्कामांत बाबासाहेब स्त्रियांशीं स्वतंत्रपणें बोलले. तुमची जात लोक तुमच्या लुगड्यावरून व दागिन्यांवरून ओळखतात. तें लुगडें इतर स्त्रियांप्रमाणें पायघोळ नेसा, कथलाच्या व चांदीच्या जड दागिन्यांचा सोस सोडा, मुलामुलींना शिकवा, असा त्या बोलण्याचा आशय होता. टिपणीसांच्या घरच्या बाईंनीं तें नेसणें जमलेल्या बायकांना शिकविलें. पुष्कळ जणी गांवीं परतल्या त्या नव्या नेसण्यानेंच. पुरुषांच्या भाषणांचा इतिहास झाला. ह्या नेसण्याचा व्हावयास साठ वर्षें लागलीं. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून ह्यांनीं चळवळींतल्या वृद्ध स्त्रियांना गांवोगांव शोधून त्यांच्या तोंडून ऐकलेलें 1989 सालीं ‘आम्हीही इतिहास घडवला’ ह्या पुस्तकांत एकत्र केलें. चळवळींत आयुष्य घालविलेल्या ह्या बायकांना तोंवर आपल्या कहाणीसाठीं कोणी ऐकणारेंच मिळालें नव्हतें. बिरवाडीच्या त्या बाईचा तांदळाचा डबा मला येथें पुन्हां आठवतो.

दिवाणी दावा दहा वर्षें चालला. खालच्या कोर्टांत 1931 सालीं व अखेर मुंबईच्या हायकोर्टांत 17 मार्च 1937 रोजीं निकाल बाबासाहेबांच्या बाजूनें लागला. निकाल देणारे न्यायमूर्ति ब्रूमफील्ड. 1922 सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच हे ब्रूमफील्ड. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादि आहे हें वादींना शाबीत करतां आलें नाहीं, असा त्या निकालाचा आशय. अनादि म्हणून सांगितलेली गोष्ट कोर्टांत पुराव्याच्या चाळणींतून खालीं पडली.

हा निकाल मी मुद्दाम सांगतों, कारण कथनोपचाराच्या भक्तांकडून एक चूक होण्याचा संभव असतो. गोष्ट बदलली कीं दुःख गेलें, असें त्यांच्या बोलण्यावरून वाटूं लागतें. 1927 सालीं गोष्ट बदलली तरी तळें बंदच होतें. पाण्यावांचून नुसती नवी कहाणी ही तहानेची समजूत झाली असती. आणि 1924 चा ठराव पाहा, नव्या कहाणीवांचून नुसतें पाणी कोणाच्या ओंजळींत आलें नाहीं. व्हाइटला स्वतःला ह्याची जाणीव असावी. पोलीस कोठडींत व तुरुंगांत ज्यांचे आप्त मृत्यु पावले अशा ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी कुटुंबांचा एक मेळावा 1994 सालीं कॅम्प कूरोंग येथें भरला, त्यांत तो व त्याचे सहकारी सामील होते. त्या कुटुंबांना आपल्या माणसांविषयीं सरकारी चौकशींत लिहिलें गेलेलें वाचून आपल्या शब्दांत पुन्हां सांगावयाचें होतें. पण न्यायाची मागणी त्यांनीं त्यासाठीं बाजूस ठेवली नव्हती.

महाडचें तें वर्ष नसतें तर मराठींतील दलित आत्मकथनें कशा स्वरूपांत आलीं असतीं, कोण जाणे. 1978 सालीं दया पवारांचें ‘बलुतं’ आलें तेव्हां मध्यमवर्गीय घरांतून हलकल्लोळ झाला. असें उघडें कशाला लिहावें, हा प्रश्न तेव्हां सुशिक्षितांनीं विचारला आणि त्यांच्याच जातींतल्या कित्येकांनींही विचारला. प्रश्न अगदींच वावगा नव्हता. झालेली जखम पुन्हां सांगतांना ती पुन्हां होते. म्हणून ती कोणापुढें सांगावयाची ह्याला महत्त्व आहे. स्वतः मोऱ्यांनीं लिहावयास घेतलेलें आत्मचरित्र अपुरें राहिलें. 1972 सालीं ते गेले आणि पुढील भाग त्यांच्या मुलानें लिहून पुरा केला. एका माणसाची गोष्ट संपवावयास कधीं कधीं दोन पिढ्या लागतात.

बिरवाडीहून निघतांना मी त्या बाईस विचारलें, “महाडच्या तळ्यावर कधीं गेलां होतां काय?”

“जातो कीं दर वर्षी. वीस मार्चला,” ती म्हणाली. “पुराच्या आदल्या वर्षी तेवढी गेले नव्हते. साथ होती.” मग सूप उचलून तिनें पुढें जोडलें, “माझी आजेसासू त्या सभेला होती म्हणतात. मार बसला होता म्हणे तिला. एवढंच माहीत आहे.”

ती मुलगी अजून ओटीवरच होती. तिनें वहीचें नवें पान उलटलें आणि विचारलें, “त्यांचं नांव काय होतं, मावशी?”